चौथं तिकीट

आमचा ज्वालामुखी आधी स्वयंपाकघरात झाला होता, कणकेचा.

त्या वर्षी मी तिसऱ्यांदा मुलाकडे जर्मनीत गेले होते. म्युनिकच्या जवळ उंटरश्लाइसहाइम म्हणून गाव आहे, तिथे त्याचं ऑफिस आणि तिथेच तिसऱ्या मजल्यावर घर. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात. नात दुपारी शाळेतून येई, तोवर घरात मी एकटी. नात तेव्हा चौथीत होती. मीही चौथीच शिकलेली. तिला याची फार गंमत वाटे. दप्तर टाकता टाकता म्हणायची, "आजी, आपण दोघी फियर्टे क्लासे." म्हणजे चौथीच्या वर्गातल्या. मी म्हणायची, "जा." तिकडे हो म्हणायचं असलं की जा म्हणतात. तेवढं एक जर्मन मला बिनचूक यायचं. पहिल्या वेळी गेले होते तेव्हा शेजारीण मला काहीतरी विचारून "जा?" म्हणाली आणि मी मुकाट्यानं घरात निघून आले होते.

नातीला वर्गापुढे उभं राहून ज्वालामुखीवर बोलायचं होतं. सोबत डोंगर करून न्यायचा होता. सून म्हणाली, आई, मला वेळ नाही हो, शनिवारी बघू. मी म्हटलं, त्यात काय, कणीक मळायची आणि डोंगर करायचा. पांढरं पीठ, मूठभर मीठ आणि पाणी. घट्ट मळली. मध्ये जामची रिकामी बाटली उभी केली आणि तिच्याभोवती थापत थापत डोंगर वर नेला. भाकरी थापलेले हात, डोंगर काय अवघड. खिडकीखालच्या हीटरवर दोन दिवस वाळवला. नातीनं तपकिरी रंग दिला. बाटलीत खायचा सोडा, वरून बिटाचा रस घातलेलं व्हिनेगर. फस्सकन लाल फेस वर आला आणि टेबलावर पसरला, तेव्हा ती माझ्या कमरेला मिठी मारून ओरडली.

मग आठवडाभर ती माझ्यापुढे उभी राहून जर्मनमध्ये भाषण म्हणायची. मला एक अक्षर कळत नसे. पण ती कुठे अडखळते ते कळायचं, कारण दर वेळी तिथेच अडखळायची. मी बोट वर करायची, ती पुन्हा सुरू करायची. शाळेतून निकाल घेऊन आली ती नाचत. "आजी, आइन्स!" आइन्स म्हणजे एक. एवढी मेहनत करून पोरीला एक मार्क? मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, असू दे बाळा, पुढच्या वेळी जास्त मिळतील. संध्याकाळी मुलगा इतका हसला. तिकडे एक म्हणजे पहिल्या नंबरचा शेरा, त्याच्या वर काही नाही. नातीनं तेव्हापासून मला सांगून ठेवलं होतं, "आजी, आपण खरा बघायचा. आपण दोघी."

हे सगळं लिहायचं कारण, पुढे जे मी केलं ते असं एकदम लिहिलं तर कुणाला वाटेल बाई भलतीच आहे. वाचणार कुणी नाही म्हणा. ही नातीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती.

मे महिन्यात सुनेची आई आली, पुण्याहून. विहीणबाई हायस्कुलात भूगोल शिकवायच्या, रिटायर झालेल्या. केस कापलेले, पायात पांढरे बूट, चष्मा गळ्यात दोरीला लावलेला. विमानात एकट्या बसून आल्या, दोन ठिकाणी विमान बदलून. मला मुलगा येऊन घेऊन गेला होता. बाकी कशाचं मला काही वाटलं नसतं. पण आल्या आल्या त्यांना शेल्फावर आमचा ज्वालामुखी दिसला. चष्मा लावून त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला.

"अरे वा! कुणी केला? छान आहे. फक्त मुख जरा मोठं झालंय. आणि उतार इतका सरळ नसतो हं, बाळा, थरांवर थर बसत जातात. ये, मी तुला दाखवते."

कागद घेतला, नातीच्या रंगीत पेन्सिली घेतल्या आणि डोंगर मधोमध कापल्यासारखं चित्र काढलं. आत लाल नळी, खाली लाल तळं, प्रत्येकाला बाण आणि नाव. दहा मिनिटांत. नात आ वासून बघत राहिली. ते चित्र फ्रिजवर लागलं. आठ दिवसांनी आमच्या डोंगराला भेगा पडल्या म्हणून सुनेनं तो बाल्कनीत ठेवला. सून चुकली नाही, त्याचा भुगा शेल्फावर सांडत होता. पण मी भांडी घासताना फ्रिजकडे बघायची आणि मग बाल्कनीकडे.

त्यांना नात आज्जू म्हणायची. मला नुसतं आजी. त्या घरात आई आम्ही दोघीही. सून हाक मारताना अगं आई म्हणाली तर ती त्यांना, अहो आई म्हणाली तर मला. स्वयंपाकघरातून हाक आली की मी आधी अगं आहे की अहो ते ऐकायची. दिवसातून किती वेळा अगं येतं ते मी मोजायला लागले होते. मुलगा मला अगं म्हणतो आणि त्यांना अहो, हे मला दिसत नव्हतं. हेवा असाच असतो. आपल्या ताटातलं त्याला दिसत नाही.

जूनमध्ये शाळेला दोन आठवडे सुटी होती. मुलानं बोटीची सहल ठरवली होती. गाडीनं इटलीच्या बंदरावर जायचं, तिथून मोठ्या बोटीनं आठ दिवस फिरायचं. बोट एका गावाला थांबणार होती, तिथून बसनं एटना नावाच्या ज्वालामुखीवर नेणार होते. जिवंत ज्वालामुखी, धूर निघणारा. नातीनंच हट्ट करून ही बोट घ्यायला लावली होती. किनाऱ्यावरच्या सहलींचा वेगळा फॉर्म भरून आधी पाठवायचा होता. रविवारी जेवण झाल्यावर आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो. नातीचं अक्षर छान म्हणून फॉर्म तिच्याकडे दिला. ती पेन घेऊन एकेकाला विचारत गेली.

"पापा?"

"जा."

"मामा?" तिकडे आईला मामा म्हणतात.

"जा."

"आज्जू?"

"अर्थात! जा, जा, जा!" विहीणबाई म्हणाल्या. सगळे हसले.

"आजी?"

माझ्या जिभेवर जा होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि विहीणबाई पण बघत होत्या. कोणी काही देऊ केलं की लगेच हात पुढे करायचा नाही, असं आम्ही शिकलेलो. आधी नको म्हणायचं. मग समोरच्यानं आग्रह करायचा. पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की, बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर, असं म्हणून घ्यायचं. मी म्हटलं, "नको गं बाई, मला कशाला."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "नाइन?" नाइन म्हणजे नाही.

सून म्हणाली, "आई, नक्की नको?"

आता नक्की म्हटल्यावर काय बोलायचं? नाही, नक्की नाही, मला यायचंय, असं म्हणायला तोंड पाहिजे. मी म्हटलं, "नक्की." आणि तिसऱ्या वेळेची वाट बघत बसले. मुलगा म्हणाला, "बरं झालं, चढ असणार, तुझे गुडघे दुखतील." नातीनं खाली मान घालून चौकोनात चारचा आकडा लिहिला. एकदम सुबक. मी तो उलटा दिसत होता तरी वाचला.

तेव्हाच बोलायचं होतं. मी उठून ताटं उचलली.

बोटीवर मला आणि विहीणबाईंना एक खोली होती. रोज सकाळी अंघोळीला आमचं चालायचं. "आधी तुम्ही." "छे, तुम्ही आधी." "अहो, तुम्ही मोठ्या." "अहो, मान तुमचा." त्या नादात एकदा नाश्ता बंद व्हायची वेळ आली. मुलाची आई म्हणून मान माझा, हे त्या कधी विसरल्या नाहीत. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते. पण बोटीवर सगळीकडे पुढे त्याच. इंग्रजी बोलायच्या, वेटरशी हसायच्या, नातीला नकाशावर बेटं दाखवायच्या. मी मागून पर्स सांभाळत चालायची. एकदा नातीनं मला विचारलं, "आजी, तुला मेअर आवडतं?" मेअर म्हणजे समुद्र. मी हो म्हणायच्या आत विहीणबाई सांगायला लागल्या की हा खरं तर महासागर नाही. मला वाटलं, या बाईला आता समुद्रात ढकलावं. असं वाटलं ते वाटलं, खोटं कशाला लिहू.

एटनाच्या दिवशी सकाळी मी त्यांना सोडायला खालच्या मोठ्या हॉलपर्यंत गेले. तिथे तिकीट बघून प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचा गोल स्टिकर लावत होते. तिकिटावर नाव नव्हतं. सहल पूर्ण भरलेली होती, मुलानं काउंटरवर विचारून पाहिलं होतं. माझ्यासाठी, मला न सांगता विचारलं होतं, हे सून मागून बोलली. विहीणबाई तयार होत्या. टोपी, दुर्बीण, जांभळं जाकीट कमरेला बांधलेलं. नातीला स्टिकर लागला आणि ती एकदम माझ्याकडे वळली. तिचं तोंड पडलं होतं.

"आजी, तू का नाही येत? आपण दोघी ठरवलं होतं."

सरळ मराठीत बोलली. आजूबाजूला जर्मन माणसं रांगेत उभी होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, असं करा. माझ्याऐवजी तुम्ही जा."

मला माहीत होतं, हे बोलायची रीत म्हणून आहे. रोज सकाळच्या अंघोळीसारखं. मी म्हणायचं होतं, छे छे, तुम्हीच जा. तेच म्हणणार होते. देवाशपथ, जीभ उचलली होती त्यासाठीच. पण तोंडातून एवढंच आलं:

"जा."

नात टाळी वाजवून उडी मारून म्हणाली, "सुपर! आजी जा म्हणाली! आजी येते!"

माझ्या जा ला पुढे तुम्हीच लावायला अजून वेळ होता. नुसतं "अगं तसं नाही" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मुलगा माझ्याकडे बघत होता, सून तिच्या आईकडे. मी फरशीकडे बघितलं आणि गप्प बसले.

विहीणबाईंनी छातीवरचा स्टिकर सोडवला. स्वेटरची पांढरी लव त्याला चिकटून आली. माझ्या पदरावर त्यांनी तो तळव्यानं दाबून बसवला. मग कमरेचं जाकीट सोडलं. "वर थंडी असते. हे घाला." आवाजात काही नव्हतं, ना राग ना गोडवा. वर्गात हजेरी घेतात तसा आवाज.

बसमध्ये मी नातीशेजारी बसले, खिडकीशी. पहिला अर्धा तास मी इतकी खूश होते की मला लाज वाटायलाही वेळ नव्हता. रस्ता वळणावळणाचा, दोन्हीकडे पिवळ्या फुलांची झुडपं. मग झुडपं संपली आणि नुसते काळे दगड लागले, नांगरल्यावर ढेकळं पडतात तसे, पार डोळे पोचतील तिथपर्यंत. एका ठिकाणी दगडांतून घराचं नुसतं छप्पर वर आलेलं होतं. त्याच्याखाली चूल कुठे असेल, भांडी कुठे असतील, मी तेच शोधत राहिले. नात दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "हे आज्जूला सांगायचं. हेपण आज्जूला सांगायचं." बाई बोटीवर राहिल्या होत्या तरी बसमध्ये आमच्या मधे बसलेल्या होत्याच.

बस थांबली तिथून मोठ्या चाकांच्या गाडीनं आणखी वर नेलं. वारा असा की पदर फाटेल. मी जाकिटाच्या खिशात हात घातले. आत काहीतरी करकरलं. बाहेर काढलं तर पारदर्शक प्लास्टिकच्या चार लहान पिशव्या, एकीत एक घातलेल्या, आणि प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी. वळणदार मोठं अक्षर, मला सहज वाचता आलं. राख. खडी. दगड, हलका. दगड, जड. आणि प्रत्येक चिठ्ठीखाली बारीक अक्षरात, "शाळेच्या भूगोल कपाटासाठी."

सून शेजारीच उभी होती. तिनंही वाचलं. वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं, तरी ती हळूच बोलली. "तीस वर्षं फळ्यावर काढत आली ती. एकदाही बघितला नव्हता." आणि पुढे गेली. मला अहो आई म्हणाली नाही.

वाटाड्यानं बुटानं राख उकरली आणि सगळ्यांना तिथे हात लावून बघायला सांगितलं. जमीन कोमट होती, चूल विझल्यावर तिच्यापुढची जागा असते तशी. वर डोंगराच्या टोकातून पांढरा धूर निघत होता. वारा फिरला की काडेपेटीच्या गुलाचा वास यायचा. मी वाकून राख चिमटीत घेतली. आमच्या भांडी घासायच्या राखेसारखी ती मऊ नव्हती. जाड रव्यासारखी, बोटाला बोचणारी. मी चारही पिशव्या भरल्या. चांगुलपणानं नाही. हात रिकामे ठेवले असते तर ते मला दिसत राहिले असते.

नात माझा हात धरून खोल खड्ड्याच्या कडेला उभी होती. बराच वेळ धुराकडे बघत होती. थंडी वाजते म्हणाली. मी तिला जाकिटाच्या आत घेतलं. मग ती नाक उडवत म्हणाली, "आजी, उन्झरर वार श्योनर." एवढं जर्मन मला कळलं. आपला जास्त छान होता.

बोटीवर परत आलो तेव्हा विहीणबाईंचं डोकं दुखत होतं, त्या झोपून होत्या. जाकीट मी घडी करून त्यांच्या खुर्चीवर ठेवलं. पिशव्या मात्र आधीच काढून माझ्या बॅगेत साड्यांच्या तळाशी घातल्या होत्या. का, ते विचारलंत तर सांगता येणार नाही. परत द्यायच्या होत्या, पण लगेच नाही. त्यांनी वरचं काही विचारलं नाही. नात सांगायला गेली तर म्हणाल्या, नंतर हं बाळा. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. अंघोळीला "आधी तुम्ही" म्हणायचं बंद झालं. जी आधी उठेल ती जायची.

घरी परतल्यावर सोमवारी सगळे कामावर आणि शाळेत गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. मी चहा केला. त्यांनी पुण्याहून आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला, तळाला थोडेच उरले होते. डबा माझ्यापुढे धरला.

"घ्या."

"नको," मी म्हटलं. सवयीनं.

त्यांनी डबा मागे घेतला, झाकण लावलं, टक्क करून दाबलं आणि बाजूला ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना हसू येत होतं की राग, कळेना.

"विहीणबाई, एक विचारू? त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही जा म्हणालात. ते मराठीतलं की जर्मनमधलं?"

चहाचा कप मी खाली ठेवला.

"आधी मराठीतलंच येत होतं. पण तोंडातून निघेपर्यंत जर्मन झालं."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. आणि माझं जा घ्याल असं मला वाटलं नव्हतं. मी आपलं रीत म्हणून बोलले. नंतर बोटीच्या कठड्याला उभी राहून दिवसभर तुम्हाला शिव्या घातल्या."

"मी तुम्हाला त्याच्या आधीपासून घालत होते. डोंगराचं मुख मोठं झालंय म्हणालात तेव्हापासून."

"अहो पण मोठंच झालं होतं!"

"बाटली मावायला नको?"

यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसले. हसता हसता उठले, बॅगेतून चारही पिशव्या आणल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. त्यांचं हसू थांबलं. राखेची पिशवी त्यांनी उजेडाकडे धरली, मग उघडली, चिमूट घेऊन बोटावर घासली.

"जमीन गरम होती?"

"कोमट. चुलीपुढची असते तशी."

"धूर कुठल्या रंगाचा? वास? राख वाऱ्यानं उडत होती की बसलेली? दगड हाताला कसा लागतो?"

एकेक विचारत गेल्या आणि मी एकेक सांगत गेले. छपराचं सांगितलं, पिवळ्या फुलांचं सांगितलं. त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ. चहा निवला. त्यांनी डबा पुन्हा उघडून माझ्यापुढे केला, तेव्हा मी काही न बोलता लाडू उचलला.

"आणि वर गेल्यावर पोरगी काय म्हणाली?" त्यांनी पेन हातात धरूनच विचारलं.

बाल्कनीच्या काचेतून आमचा भेगाळलेला डोंगर दिसत होता.

"थंडी वाजते म्हणाली," मी सांगितलं.